भिंतीवरचा तिसरा हात

८ नोव्हेंबर १९६५

नूच्या बाबांनी शाळेतली ही अर्धी वही मला आणून दिली. पुढची पानं कुणा पोराच्या चुकलेल्या भागाकारांनी भरलेली, मागची कोरी. म्हणाले, "दिवसभर घरात येरझाऱ्या घालतेस, त्यापेक्षा डोक्यात जे आहे ते लिहून काढ." यांचं बरं आहे. भिंत मला रंगवायची आहे, यांना नाही.

भिंत सहकारी संस्थेच्या धान्यकोठाराची, बाजाराच्या अंगाची. आजवर या गावात मी डुकरांना लस टोचायच्या पाट्या रंगवल्या आणि अमेरिकन विमानं आली की कुठल्या खंदकात उडी मारायची त्याचे बाण काढले. बाण लोकांना कळले, यापलीकडे माझ्या कलेची कुणी तारीफ केलेली नाही. आज तालुक्याच्या माहिती कचेरीतले दोआनभाऊ सायकलवर आले, एक गुंडाळलेला कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मिएनताई, हे मोठं करायचं. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. टेटच्या सणानंतर नवी भरती आहे, त्याआधी लोकांच्या डोळ्यांत बसलं पाहिजे."

हनोईत छापलेलं चित्र आहे. एक बाई, खांद्याला बंदूक, एका हातात विळा. तिच्या पुढ्यात पाठीला पिशवी लावलेला नवरा. खाली अक्षरं: घर, शेत, गाव मी सांभाळते, तुम्ही निर्धास्त जा. बाईचा दुसरा हात कोपरापासून पुढे गायब. दोआनभाऊंची सायकल वाटेत पाटात पडली होती, कागदाचा तेवढा कोपरा भिजून गळून गेला.

"हात कसा होता?" मी विचारलं.

"हातासारखा हात होता. एक हात तर काढायचा, काढा तुम्ही."

१२ नोव्हेंबर

भिंतीचा चुना वाळला, आज सूत मारलं. काजळीत बुडवलेली दोरी ताणून धरायला थाम आली होती. ही आमची शेजारीण, भातकापणीच्या तुकडीची प्रमुख. नवरा गेल्या वर्षी दक्षिणेला लढायला गेला, तेव्हापासून दोन पत्रं. कागदावर बोटभर चौकोन, भिंतीवर हातभर चौकोन, यातलं त्यात नेत जायचं. मला हे काम आवडतं. चौकोनात नुसती रेघ असते, बाई नसते की नवरा नसतो.

थामने कागद उलटासुलटा करून बघितला. "तो कर्णा रोज बोंबलतो, बाईच्या तीन जबाबदाऱ्या, शेत, घर आणि लढाई. आणि हिला हात दोनच? तिसरा काढ गं हिला. रंग काय तुझ्या बापाचा आहे?"

कापणीवरून येणाऱ्या बायका हसल्या. रंग खरंच माझ्या बापाचा नाही. काळा म्हणजे चुलीची काजळी आणि म्हशीच्या कातड्याचा सरस, निळा म्हणजे कपड्यांची नीळ, लाल म्हणजे कुटलेली वीट. नवीन स्वयंपाकघरासाठी परसात रचून ठेवलेल्या विटांतल्या आठ मी घेतल्या. बूने बघितलं. सासूला आम्ही सगळे बू म्हणतो, तिचा नवरासुद्धा म्हणे तसंच म्हणायचा. तो फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत गेला.

१५ नोव्हेंबर

चेहरा अडला आहे. दोआनभाऊंचं फर्मान असं: हनोईची शहरी बाई नको, आपल्या गावातली वाटली पाहिजे. गाल भरलेले हवेत पण ती लठ्ठ नको. देखणी हवी पण नट्टापट्टा नको. हसली पाहिजे पण दात दिसता कामा नयेत. नवरा लढाईला चालला असताना बाईने किती हसायचं, याचं माप कचेरीत असेल तर त्यांनी ते आणून द्यावं.

थामला समोर बसवायचं ठरलं होतं. ती दोन मिनिटं बसली आणि उठली. "माझी कापणी राहिलीय. तुझ्या भिंतीला तोंड नसलं तरी चालेल, लोकांना भात लागतो."

मग मी घरचा आरसा नेला. तोही फक्त भुवया आणि हनुवटीचा कोन बघायला. बाकी चेहरा कुणाचाच नाही.

रात्रीच्या जेवणाला बूने खालची अक्षरं काय आहेत ते विचारलं. यांनी वाचून दाखवली. बू म्हणाली, "असू दे. आपल्याला काय त्याचं. आपल्या घरी एकच आहे." खरंच आहे. एकुलत्या एक मुलाला भरती नाही. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. थामच्या भिंतीपलीकडे आमचं सगळं ऐकू जातं.

१८ नोव्हेंबर

हात काढला. दोन रात्री त्याचाच विचार करत होते. पुढ्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला कुणी हात हलवतं का? हात हलवायचा तो लांब गेल्यावर. जवळ असताना आपण काहीतरी नीट करत असतो. हे शाळेला निघतात तेव्हा मी यांची कॉलर ओढते, चष्मा पुसते, काहीच नसलं तर पाठीवरचा कचरा काढते. म्हणून बाईचा हात मी त्याच्या पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला. पट्टा पिळलाय, ती सरळ करतेय. चार बोटं पट्ट्याखाली, अंगठा वर. काजळी दाट घेतली. माझ्या हातून इतका चांगला हात आजवर उतरला नव्हता. घरी येताना गाणं म्हणत आले, थामने विचारलं, "काय गं, लॉटरी लागली?"

१९ नोव्हेंबर

दोआनभाऊ सायकलवरून उतरलेही नाहीत.

"मिएनताई, ही त्याला धरून ठेवतेय."

"पट्टा सारखा करतेय."

"तुम्हाला माहितीय सारखा करतेय. बाजारात पाचशे लोक येतात, त्यांना काय दिसेल? बायको ओढतेय." मग ते उतरले, जवळ आले, आवाज खाली आणला. "माझी बायकोही असंच करते हो. पण ते भिंतीवर नको."

हात वर पाहिजे, तळवा उघडा, निरोपाचा. मी वाद घातला, मग घालायचा सोडला. भिंत त्यांची, चुना त्यांचा. मी हातावर चुना फिरवला. ओल्या चुन्यातून सगळं आरपार दिसतं, वाळला की पांढरा होतो. काजळीवर खरे तीन थर लागतात, पण कालवलेला चुना दोनातच संपला. वर नवा हात काढला. सरळ आहे, उघडा आहे. पाटीवरचा बाण जसा असतो तसा आहे.

२२ नोव्हेंबर

पूर्ण झालं. बाजाराचा दिवस, बघायला ही गर्दी. नू चार वर्षांची, तिला खांद्यावर घेतलं तर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आई, तू बंदूक कधी घेतलीस?"

लोकांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, कुणासारखीही नाही ती. थामने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला आणि म्हणाली, "हो तर. तुझ्या ओळखीची पण नाही."

हे शाळेतून येताना बराच वेळ भिंतीसमोर उभे होते म्हणे. घरी आल्यावर विचारलं, कसं आहे? म्हणाले, "हसतेस छान."

६ डिसेंबर

बाजारात जायचा कंटाळा येऊ लागलाय. भाजीवाली म्हणते, "काय, अजून निरोपच चाललाय? तुझा नवरा निघतच नाही का?" हसण्यावारी नेते. पण परवा चहाच्या टपरीवर यांच्यादेखत कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, तुमची बायको दोन आठवडे हात वर करून उभी आहे, तिचा हात दुखत असेल हो." हे हसले, चहाचे पैसे दिले आणि चहा तसाच ठेवून आले. मला हे थामने सांगितलं. यांनी नाही सांगितलं.

मी यांना म्हटलं, लोकांना दुसरा उद्योग नाही, तुम्ही लक्ष देऊ नका. म्हणाले, "लक्ष कुठे देतोय. वर्गात माझ्याकडे बेचाळीस पोरं आहेत, त्यातल्या एकवीस जणांचे बाप तिकडे आहेत. फक्त हजेरी घेताना कळतं."

२० डिसेंबर

भरतीला नावं दिलेली पोरं संध्याकाळी पाठीवर विटा बांधून नदीच्या बांधावरून चालायचा सराव करतात. तिकडे डोंगरातून महिनोन्‌महिने ओझं घेऊन चालावं लागतं म्हणे. थाम म्हणते, तिचा नवरा पंचवीस विटांपर्यंत पोचला होता, आणि घरात पाण्याची घागर उचल म्हटलं की पाठ दुखायची.

आमच्या परसातल्या विटा कमी झाल्या आहेत. मोजल्या, बारा नाहीत. मी घेतलेल्या आठ सोडून. यांना विचारलं तर म्हणाले, शाळेच्या खंदकाला लागल्या. आधी सांगायचं तरी, मी चोर शोधत बसले होते.

२८ डिसेंबर

विटा परत आल्या. बाराच्या बारा. शाळेला नको झाल्या असतील.

यांच्या सदऱ्याच्या पाठीवर विटकरी डाग पडले आहेत, दोनदा घासले तरी जात नाहीत. भूक मात्र चांगली लागते हल्ली. भात झाला की रताळीसुद्धा दोन-दोन खातात. बूला आनंद झालाय, म्हणते, लग्नानंतर आठ वर्षांनी सुनेचा स्वयंपाक अंगी लागायला लागला.

१४ जानेवारी १९६६

आठवड्याने टेट, नवं वर्ष. पानात बांधायला चिकट तांदूळ मिळाला, डुकराचं मांस अजून मिळायचं आहे. कोठारात तांदूळ आणायला गेले तर हे धान्याच्या काट्यावर उभे. मला बघून पोरासारखे उतरले.

"काय हो, स्वतःला विकायला काढलंय?"

"बघत होतो. पंचेचाळीस भरलं."

"मग? पन्नास झाल्यावर पेढे वाटायचे?"

हसले नाहीत. मला काळजी वाटते, यांच्या पोटाचं काही दुखणं तर नाही. वजन कोण असं बघत बसतं.

२३ जानेवारी

टेट पार पडला. तीन दिवस एकही विमान नाही. नूने नवा सदरा चिखलात लोळवला. बूने देवघरातल्या नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि दरवर्षीप्रमाणे मोठ्याने मागितलं, या वर्षी नातू दे. मी आतून म्हटलं, ऐकतोय तो. हे उठले. परसात जाऊन विटांच्या ढिगाजवळ उभे राहिले.

३ फेब्रुवारी

सगळं लिहायचं आहे.

आज जेवण झाल्यावर, बू नूला झोपवायला आत गेली तेव्हा, यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि चहाच्या ताटलीखाली ठेवला. अर्ज आहे. एकुलता एक असला तरी स्वतःहून जाता येतं. मात्र आई आणि बायको, दोघींची संमती कागदावर लागते.

आता सगळं कळलं. विटा, सदऱ्यावरचे डाग, भरतीच्या वजनात बसायला रताळी आणि काटा. गावातल्या कुत्र्यालाही कळलं असेल, एक मला सोडून. अख्खी भिंत चौकोन पाडून मोठी करते आणि घरातलं माणूस मला दिसलं नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलंय जायला?"

"कुणीच नाही."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मला पुसू दिला नाही. "घाई नाही," म्हणाले. "पंधरा तारखेपर्यंत द्यायचाय. तुम्ही दोघी विचार करा. नाही म्हणालात तरी चालेल." मग परत म्हणाले, "खरंच चालेल."

मला नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण नाही म्हणणारी बायको म्हणजे काय, ते मीच तर चुन्याने पुसलंय, आणि ती उद्या बाजारात कशी जाणार? मग मला बू आठवली. तिचा नवरा गेला, तिचा हा एकच. ती या कागदाला अंगठा लावेल? सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही. माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "बूने संमती दिली तर माझीही आहे."

म्हणाले, "बरं." आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी भांडी उचलायला उठले.

५ फेब्रुवारी

कागद ताटलीखालीच आहे, यांनी बूलाही वाचून दाखवलाय. बू तो उचलते, ताटली पुसते, परत तसाच ठेवते. सुपारी कातते आणि गप्प बसते. तिचं गप्प बसणं म्हणजे नाहीच. मी निर्धास्त आहे. तरी रात्री तीनदा उठून पाणी प्यायले.

७ फेब्रुवारी

हे दोन दिवस लवकर घरी येतात. ताटली हलवून बघतात. शाळा सोडून जायचं जिवावर आलं असेल, दुसरा गुरुजी कुठून आणणार. आज नूला मांडीवर घेऊन तिची गवताची टोपी नव्याने विणत बसले. शाळेतल्या पोरांसाठी वरून काही पडलं तर म्हणून अशा जाड टोप्या करतात. नू अजून शाळेत जात नाही. म्हटलं, आत्ताच कशाला? म्हणाले, "डोकं वाढेल तेवढी जागा ठेवलीय."

९ फेब्रुवारी

बूने अंगठा दिला.

सकाळी बाजारातून आली, टोपली ठेवली, माझ्या रंगाच्या वाटीत उरलेली काजळी होती त्यात अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मी चुलीपाशी होते. अंगठा पुसत म्हणाली, "घे. माझं झालं."

तिने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ही काहीतरी म्हणेल. म्हणालीच नाही. मी शब्द दिला होता. टाक शोधायला इतका वेळ लावला की बूनेच तो कोनाड्यातून काढून दिला.

संध्याकाळी यांनी कागद बघितला. "दोघींनीही?" एवढंच विचारलं. मग पायरीवर बसून राहिले. जेवले नाहीत, रताळंही नाही. आनंदाने भूक मेली असेल. इतके दिवस तयारी केली, मनासारखं झालं.

मी बूवर चिडले आहे, इतकी की तिच्या हातचं पाणीही नको वाटतं. पोटच्या पोराला असं कोण सोडतं.

२६ फेब्रुवारी

उद्या निघायचं. शर्टाची दोन बटणं घट्ट केली. सुई-दोरा, मीठ, नूच्या केसांची बट कागदात. दोआनभाऊ येऊन गेले. निरोपाचा कार्यक्रम भिंतीसमोरच्या अंगणात आहे, प्रांताच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार आहे. "मिएनताई, तुम्ही बरोबर चित्राखाली उभं राहायचं. भिंतीवर एक, खाली एक. गावाला किती अभिमान वाटेल." मग जरा थांबून म्हणाले, "मला तुमच्या घरचं हे माहीत नव्हतं हो. मी चित्र सगळ्या तालुक्यासाठी सांगितलं होतं."

मी म्हटलं, तालुक्यातच राहतो आम्ही.

२७ फेब्रुवारी

गेले.

एकोणीस जण होते. हे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत बारीक. कोरडा दिवस होता, ढोल वाजत होता, शाळेची पोरं गवती टोप्या घालून रांगेत उभी होती आणि आपला गुरुजीच चाललाय म्हणून भलती खूश होती. मी चित्राखाली उभी राहिले. फोटोवाल्याने मला अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं.

हे माझ्यासमोर आले. पिशवीचा उजवा पट्टा पिळलेला होता. खांद्यापासून काखेपर्यंत पूर्ण पीळ, तासाभराच्या चालण्यात त्याने खांदा सोलून निघाला असता. मला दिसत होता. यांना माहीत होतं की मला दिसतोय. ते थांबले, अगदी हाताच्या अंतरावर. सगळं गाव बघत होतं. फोटोवाला म्हणाला, "ताई, हात."

मी हात वर केला, तळवा उघडा ठेवून.

ते गेले, पट्टा तसाच.

२ मार्च

काही नाही. वीट आणून ठेवली, कुटली नाही. बूशी कामापुरतं बोलते. नू विचारते, बाबा भिंतीवर का नाही थांबले.

६ मार्च

चार दिवस भुरभुर लागली आहे. पाऊस म्हणावा तर अंगावर पडत नाही, नाही म्हणावा तर काहीच वाळत नाही. भिंतींना घाम, कपड्यांना बुरशी.

दुपारी थाम धावत आली. "अगं, चल लवकर. माझं ऐकलंस की काय तू? हिला खरंच तीन हात आलेत."

मी समजले आणि तिच्यामागे निघाले. भिंत ओली चिंब झाली होती आणि दोन थरांचा चुना काचेसारखा झाला होता. विळ्याचा हात, निरोपाचा हात, आणि त्याच्या खालून वर आलेला तो तिसरा. चार बोटं पट्ट्याखाली, अंगठा वर. तो काजळीचा, दाट, बाकी दोघांपेक्षा ठळक. बायका उभ्या होत्या, पण थाम सोडली तर कुणी हसत नव्हतं, आणि मग थामही हसायची थांबली. म्हणाली, "मी असंच धरलं होतं त्याला. मोरीपाशी. कुणी बघितलं नाही," आणि कामाला निघून गेली.

बू बाजारातून येत होती. डोक्यावर टोपी, हातात टोपली. थांबली, बराच वेळ बघितलं.

"हा हात कोणाचा?"

"तिचाच. आधीचा."

"कोणी काढला होता?"

"मीच."

ती भिंतीपर्यंत गेली आणि पट्ट्यावरच्या बोटांना हात लावून बघितला. "ही सोडत नाहीय त्याला."

मला म्हणायचं होतं, पट्टा सारखा करतेय. म्हटलं, "हो."

"मग झाकला कशाला?"

"सांगितलं म्हणून."

बू तिथेच, कोठाराच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली. "मी दर बाजाराला इथून जाते. जाताना एकदा, येताना एकदा. दर वेळी तू हसत निरोप देत असायचीस. मला वाचता येत नाही, चेहरा कळतो. वाटलं, सुनेच्या मनाने घेतलंय. दोघांचं ठरलंय. म्हातारीने आडवं पडून त्यांच्यात खोट कशाला आणायची. माझा गेला तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. या वेळी विचारलं, तर मी तुझ्याकडे बघून अंगठा दिला."

मी तिच्या शेजारी बसले. "बू, मी तुमच्या भरवशावर हो म्हटलं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

बूने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. मी रडले, भर बाजारात, त्या बाईच्या खाली. मग एकदम पायरीवरचे हे आठवले. "दोघींनीही?" असं विचारणारे. सहा दिवस ताटली हलवून बघणारे. खरंच चालेल, असं दोनदा म्हणाले होते. ते नुसतं 'चालेल' नव्हतं, ते आमचा नकार मागत होते. आम्ही दोघींनी मिळून त्यांना घालवलं, आणि दोघींपैकी एकीलाही ते नको होतं.

बूने पान थुंकलं आणि माझा दंड धरून उठली. "चल. भात लावायचाय."

७ मार्च

सकाळी सकाळी दोआनभाऊ, भिजलेले, घाबरलेले. उद्या आठ मार्च, महिला दिन, जिल्ह्याची मंडळी भिंत बघायला येणार, आणि भिंतीवर तीन हातांची बाई. "मिएनताई, आजच्या आज चुना. घट्ट कालवा, तीन थर द्या. मी रात्रभर शेकोटी लावायची व्यवस्था करतो, वाळला पाहिजे."

मी बरं म्हटलं. चुना भिजवला, परसात ढवळत बसले. बू काठी धरायला आली. न सांगता आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि ढवळू लागली. चुना चांगला घट्ट झाला होता, काठी उभी राहत होती. तिने काठी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, मग रांजणातून एक तांब्या पाणी आणून पातेल्यात ओतलं. मी पातेलं धरून ठेवलं. तिने दुसरा तांब्या ओतला.

दुपारी मी तीन थर दिले, सांगितलं तसे. उद्या सकाळी वाळून पांढरं स्वच्छ दिसेल, फोटोही चांगला येईल, दोआनभाऊ खूश होतील. आमच्याकडे भुरभुर एप्रिल संपेपर्यंत असते.